कोष्टकामागचं तर्कशास्त्र : एडगर कॉड आणि डेटाबेस

आजचा विषय संगणकाचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा, हे थोडं विचित्र वाटेल. पण डेटाबेसच्या इतिहासातला सर्वात मोठा बदल तर्कशास्त्रातून आला, म्हणून हा विषय घेतला.

साधा डेटाबेस स्वतः बांधायला शिकायचं, तर सुरुवात कुठून करावी? बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर उघडतात. मी म्हणेन, आधी सातबारा उघडा. गाव नमुना सात हा जमिनीच्या तुकड्यानुसार लिहिलेला असतो : हा गट, आणि हे त्याचे खातेदार. नमुना आठ-अ मात्र खातेदारानुसार : हा माणूस, आणि हे त्याचे गट. माहिती तीच, वह्या दोन. असं का? कारण कागदावर शोधण्याची वाट आधीच ठरवावी लागते. गटावरून माणूस शोधायचा तर एक वही, माणसावरून गट शोधायचा तर दुसरी. आता जमीन विकली, फेरफार मंजूर झाला, की दोन्हीकडे दुरुस्ती हवी. एकीकडे झाली, दुसरीकडे राहिली, तर खरं काय मानायचं?

1960 च्या दशकातले संगणक याच अडचणीत होते. अपोलो मोहिमेच्या यानाला असंख्य सुटे भाग लागत. त्यांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून आयबीएमची 'आयएमएस' ही प्रणाली पुढे आली. तिची रचना वंशवृक्षासारखी होती : वर मोठा भाग, त्याच्या पोटात छोटे भाग. वरून खाली विचारलं तर उत्तर झटकन मिळे. 'हा एक बोल्ट कुठेकुठे वापरला आहे?' असं उलटं विचारलं, की पंचाईत. चार्ल्स बॅकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये वेगळी, जाळ्यासारखी रचना केली. ती अधिक लवचीक होती, तरी एका नोंदीवरून दुसरीकडे कसं जायचं हे प्रोग्रॅमरलाच ठाऊक असावं लागे. 1973 साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना बॅकमन यांनी प्रोग्रॅमरला नावाड्याची उपमा दिली, ती योग्यच होती.

एडगर कॉड यांना हे मान्य नव्हतं. ते मूळचे इंग्लंडचे, ऑक्सफर्डला गणित शिकलेले, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक, आणि नंतर आयबीएममध्ये. जून 1970 मध्ये त्यांचा एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातलं म्हणणं असं : वस्तुस्थिती आणि तिच्यापर्यंत जाण्याची वाट, या दोन गोष्टी वेगळ्या करा. माहिती साध्या कोष्टकांत ठेवा. वाट यंत्र शोधेल.

इथे तर्कशास्त्र येतं बघा. गणितात 'संबंध' म्हणजे काय? काही जोड्यांचा, त्रिकुटांचा संच. कोष्टकातली प्रत्येक रांग म्हणजे एक विधान : 'अमुक व्यक्तीचा अमुक गटात एकतृतीयांश हिस्सा आहे.' फ्रेगे यांनी 1879 मध्ये विधेय-तर्कशास्त्राचा पाया घातला. कॉड यांनी प्रश्न विचारण्याची भाषा त्याच पायावर उभी करता येईल असं सुचवलं. काय हवं ते सांगायचं; कसं शोधायचं ते सांगायचं नाही.

आयबीएमला घाई नव्हती. आयएमएसचा धंदा चालू होता. तरी त्यांच्याच सॅन होजेच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये 'सीक्वेल' ही भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. 1979 मध्ये ओरॅकल बाजारात आलं. 1981 मध्ये कॉड यांनाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता बांधायला बसू. पहिलं कोष्टक गटांचं, दुसरं व्यक्तींचं. प्रत्येक रांगेला स्वतःची ओळख हवी. नाव चालणार नाही. एका गावात एकाच नावाची दोन माणसं असतात. म्हणून क्रमांक द्यायचा. मग प्रश्न येतो : मालकी कुठे लिहायची? गटाच्या रांगेत 'मालक' असा एक रकाना ठेवला, तर काम सोपं दिसतं. पण वडील गेले आणि मागे दोन भाऊ, एक बहीण आहेत. रकाना एक, वारस तीन. कोणाचं नाव लिहाल? बहुधा थोरल्या भावाचं. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण कायद्याने दिलेला हक्क आपल्या कोष्टकात मावलाच नाही. यात कुणाचा वाईट हेतू असायला हवा असं नाही. रचनाच तशी आहे.

उपाय म्हणजे तिसरं कोष्टक, हिश्श्यांचं. त्यात तीनच रकाने : गट क्रमांक, व्यक्ती क्रमांक, हिस्सा. तीन वारस, तीन रांगा. आता गटावरून विचारा, माणसावरून विचारा, उत्तर त्याच रांगांतून येईल. नाव बदललं तर व्यक्तींच्या कोष्टकात एकाच जागी बदलायचं. आठ-अ ची वेगळी वही नको. तो एक प्रश्न झाला.

एसक्यूलाइटसारखं मोफत साधन घेऊन हे तासाभरात करून पाहता येईल. पण त्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा : कोणत्या वस्तू आहेत, त्यांची ओळख कशाने पटते, आणि त्यांच्यात कोणते संबंध आहेत. हे प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात शतकानुशतकं विचारले गेलेत. डेटाबेस बांधणाऱ्याला त्यांचं उत्तर द्यावंच लागतं, कारण जिच्यासाठी रांग नाही, ती बहीण कुठल्याच उत्तरात दिसणार नाही.

आता प्रश्न घेऊ.