मौनाचा इतिहास : महिला खेळाडू आणि मेंदूला बसणारा हादरा

स्त्रीने मैदानात उतरावे की नाही, या वादाचा निकाल विसाव्या शतकात पुष्कळदा तिच्या शरीराच्या नावाने दिला गेला. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना अयोग्य ठरवून सदस्य क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ही बंदी सुमारे अर्धशतक टिकली. ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या हौशी मुष्टियुद्धास मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रवेश २०१२ साली झाला. प्रवेशच इतका उशिरा मिळाल्यावर ‘डोके गरगरते आहे’ हे वाक्य केवळ दुखण्याचे राहत नाही; जुन्या आक्षेपाला पुरावा पुरवल्याची भीती त्यात मिसळू शकते.

दुसरीकडे, या दुखापतीचे ज्ञान प्रामुख्याने पुरुषदेहावरून घडले. हॅरिसन मार्टलँड यांचा १९२८ चा पायाभूत लेख पुरुष मुष्टियोद्ध्यांविषयी होता. अमेरिकेतील मिलवॉकी परिसरातील शालेय फुटबॉलपटूंच्या २००४ च्या पाहणीत मेंदूला हादरा बसलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांनी तो कोणास सांगितला होता. ‘दुखापत गंभीर वाटली नाही’ हे त्यांचे प्रमुख कारण होते. खेळातून बाहेर बसवले जाण्याची धास्ती हे दुसरे. म्हणजे मौन हा केवळ स्त्रीस्वभाव नव्हे. उलट पुढील अनेक अभ्यासांत मुली मुलांपेक्षा सांगण्यास अधिक तयार आढळल्या. तरीही संघाची निष्ठा, जागा गमावण्याची चिंता आणि प्रशिक्षकाची नजर त्यांनाही गप्प बसवतात.

ब्रियाना स्करी यांचे उदाहरण बोलके आहे. १९९९ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात पेनल्टी अडवणाऱ्या या गोलरक्षिकेच्या डोक्याला एप्रिल २०१० मध्ये प्रतिस्पर्धी खेळाडूचा गुडघा लागला. त्या मध्यंतरापर्यंत खेळत राहिल्या. तो त्यांचा अखेरचा सामना ठरला. पुढे डोकेदुखी, नैराश्य व आर्थिक ओढाताण सोसून त्यांनी आपली कहाणी जाहीरपणे मांडली. ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळणाऱ्या हेदर अँडरसन यांचा २०२२ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी मृत्यू झाला. त्यांच्या मेंदूत वारंवारच्या आघातांशी संबंधित ऱ्हासविकार आढळल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यावसायिक महिला खेळाडूत असे निदान प्रथमच झाले. हयातीत मात्र हादऱ्याचे अधिकृत निदान एकदाच झाले होते; आणखी काही प्रसंगांची शंका कुटुंबीयांना होती. नोंद आणि वास्तव यांतील हे अंतर मौनाचेच असेल असे नाही. आघात ओळखू न येण्याचेही असू शकते.

म्हणूनच निर्णयाचा भार जखमी खेळाडूवर टाकणे अन्यायाचे ठरते. वॉशिंग्टन राज्याच्या २००९ च्या कायद्याने संशयित आघात झालेल्या बालखेळाडूस तत्काळ बाहेर काढणे आणि परतण्यापूर्वी वैद्यकीय लेखी परवानगी घेणे बंधनकारक केले. २०१२ च्या झुरिच परिषदेने निदान झालेल्या खेळाडूस त्याच दिवशी परतू देऊ नये असे सांगितले. अशा नियमांमुळे दुखणे लपवण्याचे एक कारण नाहीसे होते. दुसरे कारण इतिहासाचे आहे : बोलणाऱ्या स्त्रीची वेदना तिच्या अपात्रतेचा दाखला मानली जाणार नाही, हा विश्वास तिला मिळेपर्यंत ते उरेल.