न्यायालयीन संगणकीकरण व मुक्तस्रोत आज्ञावली

ज्या आज्ञावलीची मूळ संहिता वापरणाऱ्यास पाहता, बदलता व पुन्हा वितरित करता येते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. भारतात अशा आज्ञावलींचा फार विस्तृत व शिस्तबद्ध वापर ज्या क्षेत्रांत झाला, त्यांत जिल्हा व तालुका न्यायालये महत्त्वाची होत. नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागातील, गिरणेच्या खोऱ्यातील कळवण येथील न्यायालयासारखी लहान न्यायालयेही या योजनेच्या कक्षेत येतात. तेथील लिपिकाच्या मेजावरील संगणक आणि दाव्यांची नोंद ठेवणारा सर्व्हर या दोहोंसाठी एकच धोरण ठरविण्यात आले, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय.

या चळवळीचा उगम अमेरिकेत झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. ‘मुक्तस्रोत’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा 1998 मध्ये रूढ झाली. लिनक्सवर आधारलेली उबुंटू ही प्रणाली 2004 पासून उपलब्ध आहे. तिच्या दीर्घकालीन आवृत्त्या दर दोन वर्षांनी निघतात व त्यांना पाच वर्षे विनामूल्य सुधारणा मिळतात. सरकारी कार्यालयांच्या दृष्टीने ही बाब मोलाची ठरली.

भारतीय न्यायसंस्थेच्या संगणकीकरणासाठी 2004 च्या अखेरीस न्या. जी. सी. भरुका यांच्या अध्यक्षतेखाली ई-समिती नेमण्यात आली. समितीने 2005 मध्ये राष्ट्रीय धोरण व कृती आराखडा सादर केला आणि 2007 पासून ई-न्यायालय प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला. 2015 मध्ये तो संपला, तेव्हा 14,249 न्यायालयांचे संगणकीकरण झाले होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेने तयार केलेली प्रकरण माहिती प्रणाली सर्वत्र स्वीकारण्यात आली. ती पीएचपी भाषेत लिहिलेली असून तिची माहिती पोस्टग्रेस या मुक्तस्रोत माहितीकोषात साठविली जाते. मेजावरील संगणकांसाठी न्यायालयांच्या गरजेनुसार जुळवून घेतलेली उबुंटू प्रणाली देण्यात आली. मार्च 2015 मध्ये केंद्र शासनाने आपल्या सर्व कार्यालयांसाठी मुक्तस्रोत आज्ञावलींना अग्रक्रम देणारे धोरण जाहीर केले. न्यायालये त्या वाटेवर आधीच चालू लागली होती.

या निवडीमागे परवान्याच्या खर्चातील बचत हे एक कारण होते. परंतु ते एकमेव नव्हे, आणि कदाचित सर्वांत बळकटही नव्हे. दिवाणी दाव्यातील हुकूमनामा अनेक दशकांनीही वाचता यावा लागतो. तो एखाद्या कंपनीच्या बंदिस्त स्वरूपात साठविला आणि ती कंपनी बुडाली, अथवा तिने जुनी आवृत्ती सोडून दिली, तर न्यायालयाचा अभिलेख परक्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो. शिवाय प्रत्येक उच्च न्यायालयाची कार्यपद्धती निराळी असते. म्हणून प्रणालीचा गाभा देशभर एकच ठेवून भोवतालचा भाग त्या त्या उच्च न्यायालयाने आपल्या नियमांनुसार रचावा, अशी विभागणी करण्यात आली. मूळ संहिता हाती नसती, तर ही रचना अशक्यप्राय ठरली असती.

बदलाची किंमत मात्र कर्मचाऱ्यांनी मोजली. 1998 च्या अधिसूचनेनुसार महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे. तोपर्यंतचे पुष्कळ मराठी टंकलेखन विशिष्ट खासगी टंकांत होत असे. तो टंक नसलेल्या संगणकावर तीच जबानी निरर्थक चिन्हांची रांग होऊन दिसे. उबुंटूवर युनिकोड अपरिहार्य झाले. रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर बोटे बसलेल्या लघुलेखकांना इनस्क्रिप्ट मांडणी नव्याने शिकणे जड गेले, आणि काही मुद्रक व क्रमवीक्षक नव्या प्रणालीशी जुळेनात. न्यायाधीश व कर्मचारी यांच्यासाठी प्रशिक्षणवर्ग घ्यावे लागले. निवड वरून झाली होती, वापरणाऱ्यांच्या मागणीतून नव्हे. त्यामुळे सुरुवातीची नाराजी स्वाभाविकच म्हणावी लागेल. मात्र याच सक्तीमुळे न्यायालयीन मराठी मजकूर शोधता येण्याजोगा झाला, हेही तितकेच खरे.

प्रत्येक न्यायालय संकुलातील सर्व्हरवरील नोंदी राष्ट्रीय न्यायिक माहितीजालाकडे पाठविल्या जातात. हे जाल सप्टेंबर 2015 मध्ये जनतेस खुले झाले. दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रकरणास 16 अक्षरांकांचा क्रमांक मिळतो. त्यात राज्य, जिल्हा व न्यायालय यांचे संकेत, अनुक्रमांक व वर्ष अंतर्भूत असतात. कळवण तालुक्याच्या पश्चिमेस आदिवासी वस्ती मोठी आहे. अभोणा वा कनाशी परिसरातील पक्षकारास पूर्वी पुढील तारीख कळण्यासाठी वकिलाकडे किंवा थेट न्यायालयात जावे लागे व त्यात दिवसाची मजुरी बुडे. ही तारीख आता भ्रमणध्वनीवर पाहता येते. अर्थात तारीख दिसणे म्हणजे निकाल लागणे नव्हे; प्रलंबित दाव्यांचा प्रश्न आज्ञावलीच्या आवाक्याबाहेरचा आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये 7,210 कोटी रुपयांच्या तिसऱ्या टप्प्यास मंजुरी मिळाली. जुन्या कागदपत्रांचे अंकीकरण व माहितीची मध्यवर्ती मेघ-साठवण हे त्याचे प्रमुख भाग होत. साठवण स्थानिक सर्व्हरकडून दूरच्या केंद्राकडे सरकत असताना, संहिता मुक्त असली तरी ती चालविणारी यंत्रे कोणाच्या ताब्यात असावीत, हा पहिल्या टप्प्यात फारसा न उद्भवलेला प्रश्न पुढे आला आहे.