रस्त्रोपोविच, म्स्तिस्लाव

(२७ मार्च १९२७ – २७ एप्रिल २००७). रशियन चेलोवादक, वाद्यवृंद संचालक व पियानोवादक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेलोसाठी जे महत्त्वाचे संगीत लिहिले गेले, त्यातला फार मोठा भाग या एका वादकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला. शंभराहून अधिक नव्या रचना त्यांनी प्रथम वाजवून लोकांसमोर आणल्या. मित्र आणि श्रोते त्यांना ‘स्लावा’ म्हणत.

या कामगिरीचे मोल कळण्यासाठी वाद्याची आधीची स्थिती पाहावी लागते. चेलो हे व्हायोलिनच्या कुळातले मोठे, भरदार खर्जाचे वाद्य. वादक खुर्चीवर बसतो, वाद्य गुडघ्यांच्या मध्ये धरतो आणि चार तारांवर आडवा गज फिरवतो. माणसाच्या गळ्याच्या इतके जवळ जाणारे दुसरे तंतुवाद्य पाश्चात्त्य वाद्यवृंदात क्वचितच आढळते. तरीही एकल वादकासाठी त्याचे भांडार तुटपुंजे होते. बाखचे सहा सुईट (नृत्यभागांचे संच), हायडन, शुमान, द्वोर्जाक आणि एल्गार यांचे कन्चेर्टो (एकल वाद्य व वाद्यवृंद यांसाठीच्या रचना), बेथोव्हन आणि ब्राम्स यांचे सोनाटा आणि आणखी काही रचना, एवढ्यावर चेलोवादकाची कारकीर्द उभी राहायची. मोझार्टचा एकही चेलो कन्चेर्टो आपल्याकडे नाही. कन्चेर्टो लिहिताना बेथोव्हनने चेलोला व्हायोलिन आणि पियानो यांच्या जोडीने बसवले, ब्राम्सने व्हायोलिनच्या. चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी बाखचे सुईट मैफलीत आणून वाद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. नवे संगीत मिळवण्याचे काम मात्र रस्त्रोपोविच यांनी केले.

त्यांचा जन्म अझरबैजानमधील बाकू येथे झाला. वडील लिओपोल्द हे कासाल्स यांच्याकडे शिकलेले चेलोवादक, आई सोफिया पियानोवादक. पियानो आईकडून आला, चेलो वडिलांकडून. म्स्तिस्लाव लहान असतानाच मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब मॉस्कोला आले. दुसऱ्या महायुद्धात त्यांना ओरेनबुर्गला हलावे लागले आणि तेथेच १९४२मध्ये वडील वारले. पंधरा वर्षांच्या मुलाने वडिलांचे विद्यार्थी शिकवायला घेतले. पुढच्याच वर्षी तो मॉस्को कन्झर्व्हेटरीत दाखल झाला. तेथे चेलो सिम्यॉन कझलुपोव यांच्याकडे आणि वाद्यवृंदलेखन संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांच्याकडे, असे त्यांचे शिक्षण झाले. १९४५मध्ये सोव्हिएत संघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले.

फेब्रुवारी १९४८मध्ये कम्युनिस्ट पक्षाने संगीतातील ‘रूपवादा’विरुद्ध, म्हणजे आशयापेक्षा घाटाला महत्त्व देण्याविरुद्ध, ठराव काढला. शोस्ताकोविच, प्रकोफिएव यांच्यासारख्या संगीतकारांवर जाहीर टीका झाली, त्यांच्या कित्येक रचना मैफलींतून गायब झाल्या आणि शोस्ताकोविच यांची कन्झर्व्हेटरीतील नोकरी गेली. अशा काळात तरुण वादकाने या दोघांपासून अंतर ठेवले असते तर त्याला कोणी बोल लावला नसता. रस्त्रोपोविच यांनी नेमके उलट केले. १९४७च्या अखेरीस त्यांनी प्रकोफिएव यांचा जवळजवळ विस्मृतीत गेलेला पहिला चेलो कन्चेर्टो पियानोच्या साथीने वाजवला होता. तो ऐकून संगीतकाराने रचना नव्याने बांधण्याचे मनावर घेतले. पुढील उन्हाळ्यांत रस्त्रोपोविच मॉस्कोजवळील निकोलिना गोरा येथे त्यांच्या घरी राहून एकेका ओळीवर त्यांच्याबरोबर बसत. तेथून चेलो सोनाटा (पहिले जाहीर वादन १ मार्च १९५०, पियानोवर स्व्यातोस्लाव रिख्तर) आणि आज ‘सिंफनी-कन्चेर्टो’ म्हणून ओळखली जाणारी भव्य रचना, अशा दोन गोष्टी जन्मल्या. दुसरीचे आधीचे रूप १९५२मध्ये सादर झाले, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन रिख्तर यांनी केले. ५ मार्च १९५३ रोजी, स्टालिन गेला त्याच दिवशी, प्रकोफिएव वारले. चेलोसाठीचे त्यांचे अपुरे कन्चेर्टिनो रस्त्रोपोविच यांनी पूर्ण केले आणि दिमित्री कबालेव्स्की यांनी ते वाद्यवृंदासाठी लिहिले.

शोस्ताकोविच यांच्याकडून रचना मिळण्याची गोष्ट निराळी. आपल्यासाठी त्यांनी काही लिहावे असे वाटत असेल तर ते कधीही मागू नकोस, असा सल्ला शोस्ताकोविच यांच्या पत्नीने रस्त्रोपोविच यांना दिला होता. तो त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. २ ऑगस्ट १९५९ रोजी पहिल्या चेलो कन्चेर्टोची स्वरलिपी त्यांच्या हाती आली आणि चार दिवसांत त्यांनी ती पाठ करून संगीतकाराला वाजवून दाखवली. या कन्चेर्टोची सुरुवात चार स्वरांच्या एका टोकदार वाक्याने होते. ते वाक्य चेलो जणू हट्टाने पुन्हा पुन्हा उच्चारत राहतो. पितळी वाद्यांपैकी फक्त एक हॉर्न ठेवलेला आहे. तिसऱ्या भागात वाद्यवृंद पूर्ण गप्प असतो, चेलो एकटाच बोलतो. स्टालिनच्या आवडत्या ‘सुलिको’ या गाण्याची मोडतोड केलेली ओळ शेवटच्या भागात इतकी खोल लपवली आहे, की खुद्द रस्त्रोपोविच यांनाही ती शोस्ताकोविच यांनी दाखवून द्यावी लागली. ४ ऑक्टोबर १९५९ रोजी लेनिनग्राड येथे येव्गेनी म्राविन्स्की यांच्या संचालनाखाली हा कन्चेर्टो प्रथम वाजला. दुसरा चेलो कन्चेर्टो २५ सप्टेंबर १९६६ रोजी, संगीतकाराच्या साठाव्या वाढदिवशी, सादर झाला.

पहिल्या कन्चेर्टोनेच रस्त्रोपोविच यांना इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्याशी जोडून दिले. सप्टेंबर १९६०मध्ये लंडनमधील मैफलीत ब्रिटन हे शोस्ताकोविच यांच्या शेजारी बसून तो ऐकत होते. मैफल संपल्यावर रस्त्रोपोविच यांनी ब्रिटन यांना आपल्यासाठी लिहिण्याची सरळ गळ घातली. एकाकडे वर्षानुवर्षे मौन आणि दुसऱ्याकडे पहिल्याच भेटीत मागणी. माणूस पाहून वागण्याची ही जाण त्यांच्या यशात फार महत्त्वाची होती असे वाटते. दोघे मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये एकमेकांशी बोलत. ब्रिटन यांनी त्यांच्यासाठी सोनाटा (१९६१), चेलो सिंफनी (पहिले वादन मॉस्को, मार्च १९६४) आणि एकल चेलोचे तीन सुईट लिहिले. तिसरा सुईट १९७१मध्ये लिहून तयार होता, पण तो वाजायला डिसेंबर १९७४ उजाडला. मधल्या काळात रस्त्रोपोविच यांना देशाबाहेर पडू दिले जात नव्हते.

त्याआधी ते सोव्हिएत संघाचे लाडके कलावंत होते. १९५१मध्ये स्टालिन पारितोषिक, १९६४मध्ये लेनिन पारितोषिक आणि १९६६मध्ये ‘सोव्हिएत संघाचे लोककलावंत’ हा किताब त्यांना मिळाला. १९५५मध्ये बल्शोय ऑपेराची आघाडीची गायिका गलिना विश्नेवस्काया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्राग येथील संगीतोत्सवात दोघांची गाठ पडली आणि चारच दिवसांत लग्न ठरले. १९५६पासून अमेरिकेत त्यांच्या मैफली होऊ लागल्या. १९६७मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी अवघ्या काही दिवसांत आठ मैफलींची माळ लावून चेलोचे जवळजवळ सगळे कन्चेर्टो-साहित्य वाजवून दाखवले.

२१ ऑगस्ट १९६८ची लंडनमधील संध्याकाळ त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत अवघड ठरली. आदल्या रात्री सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले होते. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सोव्हिएत वाद्यवृंद येव्गेनी स्व्येतलानोव यांच्या संचालनाखाली बसला होता आणि कार्यक्रमात पूर्वीपासून ठरलेला होता तो चेक संगीतकार द्वोर्जाक यांचा चेलो कन्चेर्टो. बाहेर निदर्शने चालू होती, आत श्रोत्यांतून घोषणा झाल्या. रस्त्रोपोविच वाजवू लागले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. वादन संपल्यावर त्यांनी द्वोर्जाक यांची स्वरलिपी उचलून श्रोत्यांसमोर धरली. या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात सफाई कमी, घाई जास्त; पण याच रचनेची त्यांनी पुढे महिन्याभरात हर्बर्ट फॉन कारायान यांच्याबरोबर बर्लिनमध्ये केलेली विख्यात, निर्दोष ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून ऐकली, की एकाच वादकाच्या हातून तीच स्वरलिपी किती वेगळी होऊ शकते ते कळते.

पुढच्या वर्षी राहायला जागा नसलेले लेखक अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांना त्यांनी मॉस्कोजवळील झुकोव्का येथील आपल्या घराच्या आवारात आसरा दिला. ऑक्टोबर १९७०मध्ये सोल्झेनित्सिन यांना नोबेल पारितोषिक जाहीर होताच सोव्हिएत वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली. त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, रस्त्रोपोविच यांनी लंडनमध्ये पोलिश संगीतकार विटोल्ड लुतोस्लाव्स्की यांचा चेलो कन्चेर्टो प्रथम सादर केला होता. त्यात चेलो कित्येक मिनिटे एकटाच, निर्विकारपणे एकच स्वर टिपत राहतो आणि मग ट्रम्पेट त्याला खेकसून अडवतात. ही एकट्या माणसाची आणि सत्तेची झुंज आहे, असा अर्थ रस्त्रोपोविच लावत. संगीतकाराला तो मान्य नव्हता. मायदेशी परतल्यावर ३१ ऑक्टोबर रोजी त्यांनी ‘प्रावदा’सह चार वृत्तपत्रांच्या संपादकांना पत्र लिहिले. सोल्झेनित्सिन यांची बाजू घेतानाच त्यांनी १९४८ची आठवण करून दिली. ज्यांना कलेतले काही कळत नाही त्यांचाच शब्द आपल्याकडे अखेरचा का ठरतो, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. एकाही वृत्तपत्राने पत्र छापले नाही. पाश्चात्त्य देशांत ते छापून आले.

त्यानंतर शिक्षा सुरू झाली ती कोर्टकचेरीविना. परदेश दौरे बंद झाले, मॉस्कोतील मोठ्या मैफली रद्द होऊ लागल्या, बल्शोयचे दार मिटले, पती-पत्नीची नावे आकाशवाणीवरून नाहीशी झाली. जगातल्या अव्वल चेलोवादकाला लहान गावांतल्या सभागृहांतून वाजवत फिरावे लागले. २६ मे १९७४ रोजी चेलो आणि आपला कुत्रा घेऊन त्यांनी देश सोडला. पत्नी व ओल्गा, येलेना या दोन मुली मागाहून गेल्या. मार्च १९७८मध्ये सोव्हिएत सरकारने पती-पत्नीचे नागरिकत्व काढून घेतले.

१९७७ ते १९९४ या काळात ते वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राचे संगीत दिग्दर्शक होते. संचालक म्हणून त्यांच्याविषयी समीक्षकांत एकमत नव्हते. जर्मन अभिजात संगीतात त्यांचा हात सैल पडतो, ही तक्रार निराधार नव्हती. परंतु रशियन संगीत हाती घेतले की तेच वेगळे वाटत. शोस्ताकोविच यांच्या ‘म्त्सेन्स्कची लेडी मॅक्बेथ’ या ऑपेराचे १९७८मधले, विश्नेवस्काया नायिकेच्या भूमिकेत असलेले ध्वनिमुद्रण अजूनही मापदंड मानले जाते. वॉशिंग्टनच्या वाद्यवृंदासाठीही त्यांनी नव्या रचना मिळवणे चालूच ठेवले.

९ नोव्हेंबर १९८९ला बर्लिनची भिंत उघडली, तेव्हा ते पॅरिसमध्ये होते. ११ तारखेला ते एका मित्राच्या विमानाने बर्लिनला पोहोचले, कोणाकडून तरी खुर्ची मागून घेतली आणि चेकपॉइंट चार्लीजवळ भिंतीला पाठ लावून बाख वाजवू लागले. आधी आनंदाचे भाग वाजले. मग भिंत ओलांडताना मारल्या गेलेल्यांसाठी डी मायनर सुईटमधली संथ साराबांद. १९९०मध्ये नागरिकत्व परत मिळाले आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनचा वाद्यवृंद घेऊन त्यांनी मॉस्को व लेनिनग्राडमध्ये मैफली केल्या. ऑगस्ट १९९१मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला, तेव्हा ते घरी फारसे काही न सांगता, व्हिसाशिवाय तेथे गेले आणि रशियाचे अध्यक्ष बोरीस येल्त्सिन यांच्या समर्थकांबरोबर संसदेच्या इमारतीत राहिले. दमून झोपी गेलेला रक्षक त्यांच्या खांद्यावर रेलला आहे आणि त्याची बंदूक रस्त्रोपोविच यांच्या हातात आहे, हे छायाचित्र त्या वेळचे. पुढे पती-पत्नींनी रशियातील मुलांच्या आरोग्यासाठी प्रतिष्ठान काढले. रस्त्रोपोविच यांचे निधन मॉस्कोत झाले. नवोदेविची स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. विश्नेवस्काया यांचे निधन २०१२मध्ये झाले.

त्यांच्या वादनात सर्वांत आधी जाणवते ती गजाची ताकद. मोठ्या सभागृहात, पूर्ण वाद्यवृंदासमोरही त्यांचा स्वर बुजत नसे. आणि तोच गज क्षणात अगदी कुजबुजीएवढा हलका होई. फ्रेंच चेलोवादक पॉल तोर्तेलिए यांनी प्रचारात आणलेली वाकडी टेकणदांडी ते वापरत. तिच्यामुळे वाद्य अधिक आडवे होते आणि हाताचा भार गजातून तारांवर सहज उतरतो. १९७४पासून त्यांच्याकडे अंतोनिओ स्त्रादिवारी याने १७११मध्ये घडवलेला ‘द्युपोर’ चेलो होता. नेपोलियनने तो वाजवून पाहण्याचा हट्ट धरला आणि त्याच्या बुटाच्या आरीने वाद्याला पोचा पडला, अशी दंतकथा त्याच्याभोवती आहे.

मॉस्को कन्झर्व्हेटरीत त्यांनी १९७४पर्यंत शिकवले. वर्गात ते सहसा स्वतः चेलोला हात लावत नसत. पियानोवर बसून वाद्यवृंदाचा सगळा भाग तोंडपाठ वाजवत आणि शिष्याकडून बोटांच्या हालचालीऐवजी संगीताचा आशय काढून घेत. आपली नक्कल कोणी करू नये, हा त्यामागचा उद्देश होता. नताल्या गुटमन, डेव्हिड गेरिंगस, मिशा मायस्की हे त्यांचे शिष्य; इंग्लंडची जॅकलिन द्यु प्रे १९६६मध्ये त्यांच्याकडे शिकायला मॉस्कोला गेली होती.

बाखचे सहाही सुईट मुद्रित करायला त्यांनी वयाची साठी ओलांडली. १९९१मध्ये फ्रान्समधील वेझले येथील रोमनेस्क बॅसिलिकेत हे काम झाले आणि १९९५मध्ये ते प्रकाशित झाले. दगडी कमानींतला घुमारा काही जाणकारांना खटकतो, आणि वेगवान नृत्यभागांत तो खरोखर आड येतो. सावकाश भागांत मात्र स्वर विझेपर्यंत ते थांबतात व मगच पुढची ओळ उचलतात. या वादकाशी नव्याने ओळख करून घेणाऱ्याने मात्र बाखपासून सुरुवात न करता आधी १९५९मध्ये युजीन ऑर्मंडी यांच्या फिलाडेल्फिया वाद्यवृंदाबरोबर मुद्रित केलेला शोस्ताकोविच यांचा पहिला कन्चेर्टो ऐकावा, मग ब्रिटन यांच्याबरोबरचे शुबर्टच्या ‘आर्पेजिओने’ सोनाटाचे वादन. ब्रिटन यात पियानोवर आहेत आणि दोघेही एकमेकांसाठी थांबत थांबत वाजवतात.