पागडीची मुंबई

१९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्यामुळे नोकरीसाठी आपल्या भागातला तरुण मुंबईचीच वाट धरी. तिथे नोकरी लागे, पण खोली मिळत नसे. गंमत अशी की या टंचाईला भाडेकरूच्या हितासाठी केलेल्या कायद्यानेच मोठा हातभार लावला.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईची वस्ती फुगली, फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले आणि मालकाला भाडेकरू सहजी काढता येईना. त्या वेळी हे योग्यच होते. एरवी कित्येक कुटुंबे रस्त्यावर आली असती. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक टिकला. तेव्हा खोलीचे भाडे पंधरा रुपये असेल, तर धान्याचे, सिमेंटचे भाव कितीही चढोत, भाडे त्याच्या आसपासच. मालकांनी डागडुजी सोडली. खोलीची खरी किंमत पागडीतून वसूल होऊ लागली. जाणारा भाडेकरू आणि मालक ती वाटून घेत, मगच भाडेपावती नव्या नावावर होई. पागडी घेणे गुन्हा, तेव्हा तिची पावती मात्र कुणी देत नसे!

ज्याच्यापाशी पागडीचे पैसे नसत त्याला गाववाल्यांचाच आधार. गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी धोबीतलाव परिसरात आपापल्या गावच्या लोकांसाठी 'कूड' चालवल्या. गिरणगावात एकेका खोलीत गिरणीच्या पाळीप्रमाणे माणसे आलटूनपालटून झोपत. जेवण खाणावळीत, ट्रंक भिंतीशी.

कायद्यातून सुटण्यासाठी मालक 'लिव्ह अँड लायसन्स'चे करार करू लागले. तेव्हा सरकारने १ फेब्रुवारी १९७३ रोजी असा करार चालू असलेल्या रहिवाशांना भाडेकरूच ठरवले. आत होते ते तरले. बाहेरच्यांसाठी दार अधिकच घट्ट मिटले, कारण पुढे कित्येक मालकांनी जागा कुलूप लावून ठेवणे पत्करले.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत, असे म्हटले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली आणि पागडीलाही मान्यता दिली. नव्याने येणाऱ्याच्या वाट्याला मात्र बहुधा अकरा महिन्यांचा करार येतो. मुदत संपली की सामान बांधायचे आणि पुन्हा दलालाचे दार ठोठवायचे.