जळणाचे लाकूड : टणक की हलके?

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुका हा काळ्या कापसाळ जमिनीचा मुलूख. उत्तरेला वारी भैरवगडाकडील डोंगर आणि मेळघाटचे जंगल, दक्षिणेला पूर्णेचे खोरे, अशी त्याची ठेवण आहे. सपाटीवर झाडी विरळ. त्यामुळे येथे जळतण, किंवा वऱ्हाडी उच्चाराप्रमाणे ‘जयतन’, हा पूर्वापार विचार करून जमवण्याचा जिन्नस राहिला आहे. घरोघरी गॅस आला तरी आंघोळीच्या पाण्याचा बंब, लग्नकार्यातील मोठी चूल, ‘चुलीवरचे जेवण’ देणारे ढाबे आणि सिलिंडर परवडेनासा झाला की पुन्हा पेटणारी घरची चूल, यांसाठी लाकूड लागतेच. ते टणक घ्यावे की हलके, हा प्रश्न म्हणूनच जुना झालेला नाही.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत ‘हार्डवूड’ आणि ‘सॉफ्टवूड’ असा जो भेद आढळतो, तो कठीणपणाचा नसून वनस्पतिशास्त्रीय आहे. रुंद पानांच्या, फुले येणाऱ्या वृक्षांचे लाकूड ते हार्डवूड. चीड, देवदार यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे ते सॉफ्टवूड. या व्याख्येनुसार खेळण्यांची विमाने बनवण्याचे कापसासारखे हलके बाल्सा लाकूडही हार्डवूडच ठरते. वऱ्हाडात सूचिपर्णी वृक्षांचे जंगल नाही. म्हणजे बाभूळ हार्डवूड, तशीच नखाने खरवडता येईल अशी सावरही हार्डवूडच! थंड देशांतील ओक आणि पाइन यांच्या तुलनेचे तक्ते त्यामुळे आपल्या चुलीला उपयोगाचे नाहीत. येथे भेद करायचा तो वजनदार आणि हलक्या लाकडात.

या परिसरातील वजनदार लाकडे म्हणजे अंजन, धावडा, खैर, बाभूळ आणि बोर. अंजनाचा गाभा इतका जड असतो की तो पाण्यात बुडतो. धावडा जळणासाठी आणि कोळशासाठी नावाजलेला. हलक्या लाकडांत सालई, सावर आणि पांगारा येतात. सालईत राळेसारखा डिंक असल्याने ती चटकन पेटते, पण धूर आणि काजळीही तशीच देते. कडुनिंब यांच्या मधला म्हणता येईल.

आता मुद्द्याची गोष्ट. पूर्ण वाळलेले कोणतेही लाकूड घेतले तरी एका किलोपासून मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते; ती साधारणपणे साडेचार ते पाच हजार किलोकॅलरी भरते. फरक पडतो तो आकारमानात. एक घनमीटर सालईचे वजन सुमारे ५०० ते ६०० किलो, तर तेवढ्याच धावड्याचे ९०० किलोच्या आसपास. म्हणून लाकूड बैलगाडीच्या किंवा ट्रॉलीच्या हिशेबाने घेत असाल, तर टणक लाकूड घेणेच शहाणपणाचे. त्याच ट्रॉलीत जवळजवळ दीडपट जळण घरी येते. मात्र वखारीतून क्विंटलच्या भावाने घेताना ‘बाभूळ आहे, म्हणून जास्त भाव’ हे पूर्णपणे पटण्यासारखे नाही. तेथे जास्त पैसे मोजायचे ते टिकणाऱ्या निखाऱ्यासाठी, उष्णतेसाठी नव्हे.

वजनाने घेताना खरी फसगत होते ती ओलाव्यात. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. उन्हात नीट वाळल्यावर ते १५ ते २० टक्क्यांवर येते. ओल्या लाकडाच्या एका क्विंटलमध्ये ५० किलो पाणी विकत घेतले जाते. एवढ्यावरच भागत नाही. ते पाणी तापवून त्याची वाफ करण्यात सुमारे ३० हजार किलोकॅलरी, म्हणजे सहा-सात किलो वाळलेल्या लाकडाची उष्णता, खर्ची पडते. तीही चुलीतच, भांड्याखाली नव्हे. साध्या मातीच्या चुलीत मुळातच बहुतेक उष्णता वाया जाते, त्यात ही भर. ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण व्यवहारात खरी असेल. चुलीपुरते बोलायचे तर ओल्याची किंमत सुके लाकूड आणि फुंकणी धरणारीचे डोळे चुकवतात. थोडक्यात, वाळलेली सालई ही ओल्या बाभळीपेक्षा केव्हाही सरस.

लाकूड वाळले की नाही, हे ओळखणे अवघड नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटले असता वाळलेल्यांचा खणखणीत आवाज येतो, ओल्यांचा बद्द. वाळलेल्या ओंडक्याच्या टोकांना आरपार भेगा पडलेल्या असतात आणि साल सहज सुटते. टणक लाकूड वाळायला अधिक दिवस घेते आणि एकदा वाळले की फोडायला जड जाते. म्हणून बाभूळ, बोर हिवाळ्यातच, ओलसर असताना, फोडून त्याच्या चिरफाळ्या कराव्यात, पारा ४५ अंशांच्या वर नेणारा वऱ्हाडी उन्हाळा त्यांना दाखवावा आणि मृगापूर्वी छताखाली घ्याव्यात. रचताना खाली दगड किंवा विटा ठेवून मध्ये हवा खेळू द्यावी. असा उन्हाळा ज्यांना फुकट मिळतो, त्यांनी ओले लाकूड जाळावे, हे मात्र नवलच.

कामानुसार लाकूड, ही जुन्या गृहिणींची रीत आजही योग्य आहे. बंबाला झटपट ज्वाळा हवी. तेथे हलके लाकूड, छिलके, काड्या पुरतात आणि बाभूळ वाया जाते. ज्वारीच्या भाकरीला आधी तव्याखाली एकसारखा जाळ आणि नंतर भाकरी फुगवायला चुलीच्या तोंडाशी ओढलेले निखारे लागतात. येथे पेटवणीला काडी आणि वर बाभळीची चिरफाळी ही जोडी बिनतोड. वरण, भाजी मंद शिजवायची तर एकच जाड लाकूड पुढे-पुढे सरकवत राहावे.

पेटवणीच्या काडीचा विषय निघाला की तेल्हाऱ्यात पऱ्हाटी टाळता येत नाही. कापसाची वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या हेच या भागाचे खरे जळण. ते फुकटचे, चटकन पेटणारे आणि तितकेच चटकन संपणारे. समोर बसून सतत सारत राहावे लागते. त्यात एक नवी अडचण आली आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रकोप झाला. ही अळी पऱ्हाटीवर राहिलेल्या न उमललेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहून पुढच्या पिकावर येते. म्हणून पऱ्हाट्यांचे ढीग शेतात किंवा धुऱ्यावर पुढील हंगामापर्यंत रचून ठेवू नयेत, असे कृषी तज्ज्ञ सांगतात. यंत्राने बारीक करून ती जमिनीत मिसळण्याचा मार्गही सुचवला जातो. सल्ला शेताच्या दृष्टीने रास्त आहे, पण जिची वर्षाची पेटवणी त्या ढिगातच असते, त्या घरधनिणीला पर्याय कोण देणार, याचा विचार सल्ल्यात क्वचितच असतो. मध्यम मार्ग इतकाच, की वाळलेली बोंडे झोडपून, गोळा करून आधी जाळावीत आणि उरलेल्या काड्या पेरणीपूर्वी संपवाव्यात.

टणक लाकडासाठी डोंगराकडे पाहणे सोपे, परंतु मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प असून तेथून लाकूड आणणे गुन्हा आहे. खाजगी शेतातील झाडांनाही महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. साग, मोह, आंबा, चिंच, खैर, अंजन यांसारखी अनुसूचीतील झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. त्यापेक्षा धुऱ्यावरची बाभूळ बरी. ती जमिनीला नत्र देते, शेंगा शेळ्यांना होतात, आणि सरळ उंच वाढणाऱ्या रामकाठी बाभळीची सावली पिकावर फारशी पडत नाही. पडिकावर माजलेली वेडी बाभूळही उत्तम जळते. तिची तोड झाली तर कुणाचे नुकसान नाही. काट्यांपासून तेवढे जपावे.

काही लाकडे मात्र चुलीत घालूच नयेत. कण्हेर विषारी आहे. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि त्याचा धूरही बाधतो. शहरांतून येणाऱ्या यंत्रसामग्रीच्या खोक्यांचे पिवळसर पाइन लाकूड, म्हणजे तेल्हाऱ्याला भेटणारे बहुधा एकमेव खरे सॉफ्टवूड, पेटवणीला छान. पण त्यावरील शिक्का पाहावा. इंग्रजी ‘एचटी’ म्हणजे केवळ उष्णतेची प्रक्रिया. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची. दुसरे जाळू नये. रंगवलेले लाकूड आणि प्लायवूडही तसेच.

टणक लाकडाचा निखारा धूर करीत नाही, म्हणून तो निर्धोक समजला जातो. हा समज जीवघेणा आहे. हिवाळ्यात बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. धुराने निदान डोळे चुरचुरतात आणि माणूस दार तरी उघडतो.

रोडग्यांना मात्र यातले कोणतेच लाकूड चालत नाही. त्यांना गोवऱ्यांचाच आर हवा, आणि हुरड्यालाही.