साल्वादोर लुरिया : विषाणूशास्त्रज्ञ आणि शिष्य घडविणारे आचार्य

विषाणूंच्या आनुवंशिकतेच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या वैज्ञानिकांत साल्वादोर लुरिया यांची गणना होते. त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १९१२ रोजी इटलीतील तुरिन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. १९३५ मध्ये त्यांनी तुरिन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी संपादन केली. १९३८ च्या वांशिक कायद्यांमुळे इटलीत संशोधन अशक्य झाल्याने ते पॅरिसला गेले. १९४० मध्ये जर्मन फौजा जवळ येताच त्यांनी सायकलवरून पॅरिस सोडले आणि सप्टेंबरमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

१९४३ मध्ये ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापक झाले. त्याच वर्षी मॅक्स डेल्ब्रुक यांच्यासमवेत त्यांनी महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषाणूंना दाद न देण्याची जीवाणूंची क्षमता विषाणूंच्या संपर्कामुळे निर्माण होत नाही. ती आधीच आपोआप घडलेल्या उत्परिवर्तनांतून येते, हे त्यातून सिद्ध झाले. या क्षेत्रातील कार्याबद्दल १९६९ चे नोबेल पारितोषिक या दोघांना आल्फ्रेड हर्शी यांच्यासह मिळाले.

जेम्स वॉटसन हे लुरिया यांचे पहिले पीएच.डी. विद्यार्थी. जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंवर क्ष-किरणांचा काय परिणाम होतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९५० मध्ये त्यांना पदवी मिळाली. जनुकाचे स्वरूप उलगडण्यासाठी रसायनशास्त्र आवश्यक आहे, हे ओळखून लुरिया यांनी त्यांना आपल्याजवळ न ठेवता कोपनहेगनला पाठविले. पुढे वॉटसन यांना केंब्रिजला जाण्याची इच्छा झाली, तेव्हा लुरिया यांनी जॉन केंड्र्यू यांच्याशी बोलून त्यांची वाट मोकळी केली. तेथेच १९५३ मध्ये वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली.

तुरिनमधील जुने परिचित रेनातो दुल्बेको हेही १९४७ मध्ये लुरिया यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. दुल्बेको यांचे विद्यार्थी हॉवर्ड टेमिन यांनी १९७० मध्ये आरएनएपासून डीएनए तयार करणारे विकर शोधले. डेव्हिड बाल्टिमोर यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हाच शोध लावला. १९७५ चे नोबेल पारितोषिक या तिघांना विभागून देण्यात आले.

१९५९ पासून लुरिया मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत होते. तेथील कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक. बाल्टिमोर यांच्यासारख्या तरुण संशोधकांना त्यांनी या संस्थेत आणले. ६ फेब्रुवारी १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.