मांडवीकाठची दोन नार्वे

सन १७३१ मध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपने आपल्या राज्यातील ल्युथरपंथी प्रजेला देशत्यागाची आज्ञा केली. त्यांतील काही कुटुंबे १७३४ मध्ये अमेरिकेतील जॉर्जियात पोचली. तेथे त्यांनी एबेनेझर ही वसाहत वसविली आणि आपली उपासनामंडळी स्थापिली. धर्मासाठी वतन सोडून परमुलखात नवे देवघर मांडण्याचा हा प्रसंग गोमंतकावर त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधीच ओढवला होता. डिचोलीतील नार्वे गाव त्याची साक्ष देतो.

श्रीसप्तकोटीश्वर हे कदंब राजांचे आराध्यदैवत. त्याचे मूळ स्थान दिवाडी बेटावरील नार्वे येथे होते. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत ते देवालय उद्ध्वस्त झाले आणि विजयनगरचा माधव मंत्री याने ते पुन्हा उभारले. १५६० च्या सुमारास पोर्तुगिजांनी ते पाडून त्या जागी ख्रिस्ती प्रार्थनामंदिर बांधले. शिवलिंग विहिरीच्या कामी लावण्यात आले, अशी परंपरा आहे. तेथून ते गुप्तपणे उचलून भाविकांनी मांडवीपार नेले.

पार नेले म्हणजे फार दूर नेले असे नव्हे. पोर्तुगिजांची आज्ञा त्या काळी नदीच्या पाण्याशी संपत असे. पलीकडे डिचोली व पेडणे हे प्रदेश विजापूरच्या आदिलशाहीत होते. ज्या बहमनी सत्तेच्या हातून पहिले देवालय मोडले, तिच्याच वारसांच्या मुलखात देवाला आसरा मिळाला! पेडण्यातील धारगळची शांतादुर्गाही अशीच बार्देशातून आलेली. जे मागे राहिले, त्यांतील बहुतेकांनी पुढे बाप्तिस्मा घेतला. एकाच गावची माणसे दोन काठांवर, दोन धर्मांत विभागली गेली. देवासह पार गेलेल्यांनी गावाचे नावही सोबत नेले. नव्या ठिकाणालाही नार्वे हेच नाव मिळाले.

तेथील देवस्थान मात्र दीर्घकाळ साधेच होते. नोव्हेंबर १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाच्या जीर्णोद्धारास आरंभ झाला. दारावरील शिलालेखात शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, असा त्याचा काळ कोरलेला आहे. निर्वासितांच्या देवाला अशा रीतीने राजाश्रय लाभला.

१७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी व पेडणे हे महालही पोर्तुगिजांच्या हाती गेले. परंतु तोवर काळ पालटला होता. या नव्या मुलखात हिंदूंच्या देवस्थानांना हात लावणार नाही, असे अभय राज्यकर्त्यांना द्यावे लागले. म्हणूनच ज्या सत्तेच्या भयाने देव नदीपार आला, तीच सत्ता मागोमाग येऊनही नार्व्याचे देवालय शाबूत राहिले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये या देवालयाचे नूतनीकरण पूर्ण होऊन ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले.

मांडवीच्या दोन्ही तीरांवर आजही एकाच नावाची दोन गावे समोरासमोर उभी आहेत. एका गावात देवाचे जुने ठिकाण आहे, दुसऱ्यात देव आहे. आणि मधली नदी होडीने ओलांडण्यास फारसा वेळ लागत नाही.